निरंक

सरकारी कचेरीत ‘निरंक’ हा शब्द फार कामाचा आहे. महिनाभरात गावात साथीचा एकही रुग्ण सापडला नाही, तर तक्ता कोरा ठेवून चालत नाही. ‘निरंक’ लिहून, सही-शिक्का मारून तो वर पाठवावा लागतो. कोरा कागद म्हणजे माहितीच नाही. निरंक म्हणजे पाहिलं, मोजलं, आणि काही सापडलं नाही. डेटाबेसवर काम करणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. जर्मनीत एका जर्मन मुलीशी लग्न करायचं म्हणून मी कागद जमवायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की ‘याचं लग्न झालेलं नाही’ हे निरंक भारतात कुणीच खात्रीने लिहून देऊ शकत नाही. याला कारकुनांचा आळस कारणीभूत नाही. कारण बरंच जुनं आहे.

जर्मनांना हव्या असलेल्या कागदाचं नाव एका श्वासात उच्चारणं कठीण आहे. अर्थ सांगतो: विवाहक्षमतेचा दाखला. परदेशी माणसाने तो आपल्या देशातून आणायचा. आमच्या कायद्याप्रमाणे या लग्नाला अडथळा नाही, असं त्यात लिहिलेलं हवं. जर्मन नागरी कायद्याचं कलम १३०९ तो मागतं, आणि मिळाल्यावर त्याचं आयुष्य सहा महिने.

यामागे एक चांगला हेतू होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात माणसं कामासाठी देश ओलांडू लागली आणि तिकडेच लग्नं करू लागली. घरी परतल्यावर कळायचं की इथल्या कायद्याने ती बायको बायको नाही आणि मुलं अनौरस आहेत. एका देशात उभं, दुसऱ्यात आडवं. अशा लग्नाला जर्मन वकील ‘लंगडं लग्न’ म्हणतात. ते टाळावं म्हणून १२ जून १९०२ रोजी हेगमध्ये करार झाला: परदेशी माणसाने आपल्या देशाच्या कायद्यातल्या अटी पुऱ्या होतात हे सिद्ध करावं, वकिलातीचा किंवा देशातल्या अधिकाऱ्याचा दाखला आणावा.

या दाखल्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे नोंदवही. जर्मनीत ती बिस्मार्कच्या काळात सक्तीची झाली. कॅथलिक चर्चशी त्याचं भांडण जुंपलेलं असताना ६ फेब्रुवारी १८७५ चा कायदा आला आणि १ जानेवारी १८७६ पासून साऱ्या साम्राज्यात लग्न लावण्याचा अधिकार पाद्र्याकडून निबंधकाकडे गेला. चर्चमध्ये हवं तर नंतर जा. तेव्हापासून तिथे निबंधकासमोर झालं तेच लग्न. म्हणून वहीत नाव नसेल, तर लग्न नाही असं म्हणता येतं.

आपल्याकडे उलट आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या कलम ७ प्रमाणे लग्न होतं ते रूढीप्रमाणे विधी झाल्याने. सप्तपदी हा विधीचा भाग असेल तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. कलम ८ नोंदणीचं, पण नोंद नसल्याने लग्न रद्द होत नाही असं तिथेच लिहून ठेवलंय. महाराष्ट्रात नोंदणीचा कायदा १९९८ पासून आहे, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच राज्यांना नोंदणी सक्तीची करायला सांगितलं. तरी मूळ गोष्ट तीच राहिली: लग्न मांडवात लागतं, वही मागाहून येते. आमच्या तालुक्याच्या वहीत माझं नाव नाही यावरून एवढंच सिद्ध होतं, की आमच्या तालुक्याच्या वहीत माझं नाव नाही.

इथवर वाचून जर्मन पद्धत जास्त शहाणी वाटेल. मलाही काही दिवस वाटली. मग १९३५ पाशी आलो. १५ सप्टेंबरला न्यूरेंबर्गमध्ये जाहीर झालेल्या कायद्याने ज्यू आणि ‘जर्मन रक्ताचे’ यांच्यातली लग्नं बंद केली, आणि ती चुकवण्यासाठी परदेशात जाऊन केलेलं लग्नही अवैध ठरवलं. कोण कोण आहे हे ठरलं आजी-आजोबांच्या नोंदींवरून. जन्माच्या, लग्नाच्या, बाप्तिस्म्याच्या त्याच वह्या. पुढच्याच महिन्यात लग्नाआधी आरोग्य खात्याच्या दाखल्याची तरतूद करणारा कायदा आला. वही नीट ठेवलेली होती, म्हणून हे करणं सोपं गेलं.

युद्धानंतरची एक कथा मला या सगळ्यात सर्वांत जवळची वाटते. एका अविवाहित स्पॅनिश माणसाला जर्मनीत एका जर्मन बाईशी लग्न करायचं होतं. ती घटस्फोटित होती, घटस्फोट जर्मन न्यायालयाने दिलेला. पण फ्रँकोच्या स्पेनमध्ये घटस्फोट नव्हताच, म्हणजे स्पेनच्या नजरेत ती अजून पहिल्या नवऱ्याचीच. दाखला मिळेना, आणि जर्मन अधिकारी सूट देईनात. ४ मे १९७१ रोजी जर्मनीच्या घटना न्यायालयाने निकाल दिला: लग्न करण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेने दिलंय, आणि परक्या देशाचा कायदा लागू करतानाही ते डावलता येणार नाही. स्पेनमध्ये घटस्फोटाचा कायदा आला १९८१ मध्ये. तोवर थांबायचं म्हणजे आणखी दहा वर्षं.

दाखला न देणाऱ्या देशांतल्या लोकांना वरिष्ठ न्यायालयाच्या अध्यक्षाकडून सूट मिळते. माझी वाट तीच. त्यासाठी माझं आणि आई-वडिलांचं प्रतिज्ञापत्र, जन्मदाखला, भाषांतरं. भारत २००५ पासून अपोस्टीलच्या करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशावर आक्षेप घेतला. त्यामुळे या दोन देशांत तो शिक्का चालत नाही, आणि कागदांची पडताळणी वकिलातीमार्फत होते. डेन्मार्क हा दाखला मागत नाही, म्हणून कितीतरी जोडपी सरहद्दीपलीकडे जाऊन लग्न करून येतात. इंग्लंडमध्ये १७५४ पासून कायदा कडक झाला तेव्हा प्रेमिक स्कॉटलंडच्या ग्रेटना ग्रीनला पळत, तसंच. आम्ही गेलो नाही. तिच्या आजीला प्रवास झेपत नाही, आणि आजीशिवाय लग्न करायचं नाही हे तिचं पक्कं होतं.

पडताळणीसाठी वकिलाचा माणूस आमच्या गावी आला. १२१५ साली रोमच्या चर्चपरिषदेने ठरवलं होतं, की लग्नाआधी चर्चमध्ये जाहीर घोषणा करायची आणि कुणाला अडथळा माहीत असेल तर त्याने सांगायचं. आठशे वर्षांनी तोच प्रश्न आमच्या आळीत आला. शेजारच्या काकूंना त्याने विचारलं, या मुलाचं लग्न झालंय का? काकू म्हणाल्या, ‘‘झालं असतं तर आम्हाला जेवायला बोलावलं नसतं का?’’

हे त्याने अहवालात कसं लिहिलं ते आम्हाला दाखवत नाहीत. वडिलांना मात्र काळजी आहे की काकूंनी जरा जास्तच सांगितलं असेल. फाइल आता न्यायालयाच्या अध्यक्षाकडे आहे. सूट मिळाली की तीही सहा महिनेच चालते, म्हणून हॉलची तारीख अजून घेतलेली नाही.