गारठ्याचे मोल

थंडी ही विकण्यासारखी वस्तू आहे, हे आम्हां पाचगणीकरांना कोणी शिकवायला नको. गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात जॉन चेसन नावाच्या साहेबाने दांडेघर, खिंगर, गोडवली, आंब्रळ आणि तायघाट या पाच गावांच्या मधली ही जागा हेरली, ती इथल्या हवेवर डोळा ठेवूनच. पुढे १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम काढले. तेव्हा क्षयावर नेमके औषध नव्हते, म्हणून इथली गार, स्वच्छ हवाच औषधाच्या जागी दिली जाई. आता पाहुणे येतात ते आजारी म्हणून नव्हे, मौजेसाठी. पौष महिन्यातल्या एखाद्या निरभ्र रात्री महाबळेश्वरच्या वाटेवरील वेण्णा तलावाकाठी दव गोठते. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधविलेले हे तळे. ते काही गोठत नाही. पण काठची गवताची पाती, होड्यांच्या फळ्या आणि मोटारींचे टप पांढरे होतात. मग पहाटेच कानटोप्या घालून मंडळी ते पाहायला धावतात. त्याच पहाटे शेजारच्या वाफ्यात उभा असलेला स्ट्रॉबेरीवाला शेतकरी फुलोऱ्याकडे पाहून मनात देव आठवत असतो. एकाच गारठ्याची ही दोन रूपे. एकाची करमणूक, दुसऱ्याची धास्ती.

ही गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर जगाच्या दुसऱ्या टोकाला घडली आहे. त्यात आपल्या कोकणच्या माणसांचाही वाटा आहे, म्हणून ती आज सांगावीशी वाटते.

फिनलंड देशाच्या उत्तरेस, ध्रुववृत्ताच्या आसपास, हिवाळ्यात दिवस असा उगवतच नाही म्हटले तरी चालेल. तिथे हल्ली प्रवाशांसाठी एक नवा खेळ निघाला आहे. रात्री गोठलेल्या तळ्यावर नेतात, बर्फात मोठे भोक पाडतात, आणि प्रवाशाला डोक्यापासून पायापर्यंत एक लाल किंवा नारिंगी रबरी पोशाख चढवून त्या काळ्या पाण्यात अलगद सोडतात. फक्त तोंड उघडे. मग तो पाठीवर तरंगत राहतो. वर चांदण्या, आणि नशीब असेल तर उत्तरेचा हिरवा प्रकाश आकाशात हालताना दिसतो. रोव्हानिएमी या गावाच्या परिसरात हे चालते. केमी बंदरातली साम्पो नावाची जुनी बर्फफोडी आगबोट १९८८ पासून प्रवासी नेते, ती तर समुद्रातच बर्फ फोडून लोकांना असे तरंगवते.

आमच्या शाळेतला एक मुलगा आईवडिलांबरोबर हे करून आला. वर्गात त्याने छायाचित्रे दाखविली, तेव्हा मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, “गुरुजी, हा गोठला कसा नाही?” प्रश्न रास्त होता. त्याचे अर्धे उत्तर निसर्गात आहे आणि अर्धे इतिहासात.

निसर्गाचे आधी पाहू. इतर बहुतेक पदार्थ थंड होताना आक्रसत जातात. पाणी मात्र ४ अंशांपर्यंतच आक्रसते आणि त्याखाली उतरले की पुन्हा फुगू लागते. त्यामुळे ४ अंशांचे जड पाणी तळाशी बसते, त्याहून गार पाणी वर येते आणि बर्फ पृष्ठावरच धरतो. हा बर्फ तळ्यावर गोधडीसारखा पसरतो आणि खालचे मासे हिवाळा काढतात. बाहेर हवा शून्याखाली २५ अंश असली, तरी बर्फाखालचे पाणी शून्य आणि ४ यांच्या दरम्यानच असते. म्हणजे मौज अशी, की तरंगणारा तो मुलगा त्या साऱ्या मुलखातल्या त्यातल्या त्यात उबदार जागी पडला होता!

पण या उबेवर विसंबू नये. हवेपेक्षा पाणी उष्णता सुमारे पंचवीसपट सहज वाहून नेते. उघड्या अंगाने माणूस अशा पाण्यात पडला तर काय होते, हे मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी सोप्या हिशेबात सांगितले आहे: एक, दहा, एक. पहिले एक मिनिट श्वास लागतो, धाप आवरत नाही. त्यात पाणी नाकातोंडात गेले की संपले. पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय ऐकतात. नंतर बोटांना दोरीही धरवत नाही. आणि एवढ्यातून जो तरंगत राहिला, त्याची शुद्ध जायला सुमारे एक तास. त्या मुलाला या तिन्हींतून वाचविले ते त्या पोशाखाने. तो पोशाख कसा घडला, हे उत्तराचे दुसरे अर्ध.

त्याचा आरंभ मोठा गमतीदार आहे. १८७२ साली मेरिमन नावाच्या अमेरिकनाने हवेचे कप्पे असलेला रबरी पोशाख काढला. हेतू आगबोटीवरच्या उतारूंचे प्राण वाचविण्याचा. तो लोकांच्या गळी उतरविला पॉल बॉयटन या साहसी माणसाने. पाठीवर पडून, पाय पुढे करून, हातात दुहेरी वल्हे घेऊन हा गृहस्थ नद्याच्या नद्या उतरे. मे १८७५ मध्ये त्याने फ्रान्समधून निघून सुमारे २४ तासांत इंग्लिश खाडी ओलांडली. लोकांनी टाळ्या वाजविल्या, पण जहाजांच्या मालकांनी तो पोशाख काही गलबतांवर ठेवला नाही. शोध लागला होता; गरज पटली नव्हती.

ती पटायला मेलेली माणसे मोजावी लागली. १५ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक बुडाली. समुद्र त्या रात्री तळ्यासारखा शांत होता. पाण्यात पडलेल्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर तरंगण्याचे पट्टे होते. पाणी मात्र शून्याच्याही २ अंश खाली. खारे म्हणूनच ते गोठले नव्हते. बोट पहाटे २ वाजून २० मिनिटांनी गेली, कार्पेथिया ही मदतीची बोट ४ च्या सुमारास आली, आणि त्या पावणेदोन तासांत सुमारे १,५०० माणसे संपली. त्यांतली कितीतरी बुडालीच नाहीत. ती तरंगत होती आणि तरंगता तरंगताच गारठ्याने गेली. लोकांच्या तोंडी मात्र ‘बुडून मेले’ असेच राहिले. तरंगणे म्हणजे जगणे नव्हे, हा धडा त्यामुळे कोणी घेतला नाही. नौका वाढविल्या, पट्टे वाढविले. उबेचा विचार राहिला.

आता आपल्या माणसांकडे वळतो. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या किनाऱ्यावरची कितीतरी घरे एके काळी आगबोटींच्या पगारावर चालत. घरचा कर्ता मुंबईला जाऊन ‘बोटीवर लागे’. डेकवर खलाशी, त्यांच्यावर तांडेल, त्यावर सारंग. आणि खानपानाकडे गोव्याची माणसे. इंग्रज यांना सरसकट ‘लॅस्कर’ म्हणत. गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्शाइतका पगार यांना मिळे.

या हिंदी खलाशांच्या करारनाम्यात थंडीविषयी एक कलम असे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ६० अंश उत्तर आणि ५० अंश दक्षिण या अक्षांशांपलीकडे त्यांना न्यायचे नाही. आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला तर हिवाळ्याच्या सहा महिन्यांत ३८ अंशांच्या वर न्यायचे नाही. कारण दिले जाई ते असे, की उष्ण देशांतल्या या लोकांना गारठा सोसत नाही. वाचताना दयेचे वाटते. पण गोऱ्या खलाशांच्या नोकऱ्या राखण्याचा हेतूही त्यात होता, असे इतिहासकारांनी दाखविले आहे. नकाशावर रेघ ओढायला सरकारला खर्च येत नव्हता. जाड लोकरी कपड्यांना, उबदार पोशाखाला आला असता.

आणि थंडी काही ती रेघ वाचून थांबत नव्हती. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री ‘सिटी ऑफ बनारस’ ही बोट अटलांटिकच्या उत्तर भागात जर्मन पाणबुडीने बुडविली. जागा ६० अंशांच्या अलीकडचीच. बॉम्बवर्षावापासून दूर कॅनडात पाठविलेली ९० इंग्रज मुले तिच्यावर होती; त्यांतली ७७ गेली. ही गोष्ट इंग्लंडात आजही डोळ्यांत पाणी आणून सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच बोटीवर दीडशेहून अधिक हिंदी खलाशी होते. पातळ सुती कपड्यांनिशी ते नौकांत उतरले आणि शंभराच्या आसपास परत आले नाहीत. एक नौका आठ दिवस भरकटत राहून सापडली. तिच्यात ४६ जण होते, आणि त्यांत बहुसंख्य आपले खलाशी.

युद्ध संपल्यावर ब्रिटिश आरमाराने चौकशी समिती नेमली. तिचा निष्कर्ष धक्का देणारा होता. आरमाराच्या मृतांपैकी सुमारे दोन-तृतीयांश माणसे तोफेने वा स्फोटाने मेली नव्हती. बोट सोडल्यानंतर, मदतीची वाट पाहताना मेली होती. तेव्हा कुठे शत्रूचे खरे नाव कागदावर आले. तरीही नियम व्हायला आणखी वर्षे गेली. फेब्रुवारी १९८३ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ ‘मरीन इलेक्ट्रिक’ ही कोळशाची बोट उलटली. ३४ पैकी ३ जण वाचले. पाणी ४ अंशांचे होते आणि पोशाख एकाकडेही नव्हता. तिथून अमेरिकेत सक्ती झाली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय नियमांतही हे पोशाख आले आणि १९८६ पासून ते लागू झाले. मालवाहू बोटीवरच्या प्रत्येक माणसामागे एक पोशाख हवा, हा नियम व्हायला मात्र २००६ साल उजाडले. त्यातूनही सदैव उष्ण पाण्यात फिरणाऱ्या काही बोटींना सूट आहे. उबदार अस्तराच्या पोशाखाची कसोटी अशी: शून्य ते २ अंशांच्या पाण्यात ६ तास राहूनही आतल्या माणसाच्या शरीराचे तापमान २ अंशांहून अधिक उतरता कामा नये.

मागच्या बाकाच्या प्रश्नाचे उत्तर मी मुलांना असे दिले. तो मुलगा गोठला नाही, कारण त्याच्याआधी हजारो माणसे गोठली आणि कोणीतरी उशिरा का होईना त्यांचा हिशेब केला. वर्ग थोडा वेळ गप्प होता. मग तो मुलगाच म्हणाला, “आम्हांला तिथे हे कोणी सांगितलंच नाही.” कसे सांगतील? करमणुकीच्या तिकिटावर इतिहास छापत नाहीत. आणि त्याने ती मौज केली, यात वाईट काहीच नाही. जीव वाचविण्याचे साधन मुलांच्या खेळात येते, तेव्हा ते माणसांच्या अंगवळणी पडले असे समजावे.

मुंबईत मशीद बंदराजवळ हिंदी खलाशांचे एक जुने वसतिगृह आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या हिंदी नाविकांच्या नावांचे पुस्तक तिथे ठेवलेले आहे, आणि त्याचीच दुसरी प्रत बांगलादेशात चितगावला आहे. नावे सहा हजारांहून अधिक. ज्यांची कबर नाही आणि ज्यांच्या राखेला नदी मिळाली नाही, त्यांची जमिनीवरची खूण एवढीच. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सारे एकाच वहीत.

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा धनत्रयोदशी आली असेल. आपल्या घरांत त्या संध्याकाळी दक्षिणेकडे तोंड करून एक दिवा लावतात. घरात कोणाला अपमृत्यू येऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान. कढत पाण्याचा पहिला तांब्या अंगावर पडतो, मुले हुऽहू करतात, आणि बाहेरचा गारठा गोड वाटू लागतो. पुढच्या सुटीत मुंबईला गेलात तर मुलांना गेटवे दाखवाच. पण वेळ काढून मशीद बंदराकडेही न्या, आणि त्या वहीतली दोन-चार नावे त्यांना मोठ्याने वाचायला सांगा.