डडली स्ट्रीट : भूसंपादनाचा अधिकार आणि रहिवासी

मोडकळीस आलेल्या वस्तीचा 'विकास' करावयाचा म्हणजे आधी तेथील माणसे हलवावयाची, हे विसाव्या शतकातील नगररचनेने जणू गृहीतच धरले होते. अमेरिकेतील बॉस्टन शहरात १९५०च्या दशकाच्या अखेरीस वेस्ट एंड ही स्थलांतरित कामगारांची वस्ती सरकारने सक्तीने संपादित करून जमीनदोस्त केली. हर्बर्ट गान्स यांचा 'द अर्बन व्हिलेजर्स' (१९६२) हा ग्रंथ त्याच वस्तीच्या अखेरच्या दिवसांतील निरीक्षणांवर आधारलेला आहे. याच शहरात तीस वर्षांनी सक्तीच्या संपादनाचा तोच अधिकार एका गरीब वस्तीतील रहिवाशांच्या हाती आला, आणि तो त्यांनी मागून घेतला होता!

ही वस्ती म्हणजे रॉक्सबरीतील डडली स्ट्रीटचा परिसर. बँकांनी येथे कर्ज देणे थांबवले, सुस्थितीतील कुटुंबे निघून गेली; विम्याच्या पैशांसाठी घरमालकांनी आपलीच घरे पेटवून दिली. सुमारे १,३०० भूखंड ओस पडले आणि शहरभरचा कचरा तेथे येऊन पडू लागला. १९८०च्या दशकाच्या मध्यास एका धर्मादाय निधीच्या पुढाकाराने पुनरुज्जीवनाची योजना आखली गेली. परंतु तिच्या नियामक मंडळात रहिवाशांना मोजक्याच जागा होत्या. भर सभेत लोकांनी याचा जाब विचारला. मंडळाची रचना बदलली. रहिवाशांचे बहुमत झाले आणि कृष्णवर्णीय, केप व्हर्दियन, लॅटिनो व गोरे अशा चारही समाजांना समान जागा मिळाल्या. लोकसंख्येच्या प्रमाणात नव्हे, समान. माझ्या मते या इतिहासातील हा सर्वांत दूरदर्शी निर्णय होय.

पहिली लढाई कचऱ्याविरुद्धची. ती जिंकल्यावर खरा प्रश्न पुढे आला तो जमिनीचा. शहराच्या मालकीचे आणि खाजगी, बहुधा बेपत्ता मालकांचे भूखंड एकमेकांत असे गुंतले होते की सलग घरे बांधणे अशक्यच. म्हणून १९८८ मध्ये 'डडली स्ट्रीट नेबरहूड इनिशिएटिव्ह' या संस्थेने खाजगी ओसाड भूखंडांपुरता संपादनाचा अधिकार मिळवला. राहती घरे त्यातून वगळलेली होती. वेस्ट एंडच्या इतिहासाशी ताडून पाहता या एका मर्यादेचे मोल ध्यानात येते.

मिळालेली जमीन विकली गेली नाही. ती लोकांच्या न्यासाकडे राहिली. घर रहिवाशाचे, खालची जमीन मात्र ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. अशी दोनशेहून अधिक घरे उभी राहिली. २००८च्या गृहकर्ज संकटात आसपासच्या घरांवर जप्ती येत असताना या घरांना तिची झळ फारच कमी लागली.

याची किंमतही आहे. घर विकताना त्याच्या दरावर मर्यादा असते. बाजारातील वाढीचा पुरता लाभ मालकाला मिळत नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या कर्जच नाकारले गेले, त्यालाच आता नफ्यावर पाणी सोडावयास सांगणे कितपत न्याय्य, हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. न्यासाचे उत्तर एवढेच की आज मिळालेली सवलत पुढच्या खरेदीदारालाही मिळावयास हवी.