खोक्यावरचे आकडे कुठून आले? मॉनिटर निवडण्याआधीचा थोडा इतिहास

मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? ठीक आहे, सुरू करू या.

आजचा विषय वाचून काहींनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात मॉनिटर कुठून आला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्याच घरांमध्ये आहे. लातूर आणि नांदेड ही शिकणाऱ्या लेकरांची शहरं. औसा, निलंगा, उदगीर, कंधार, मुखेड, देगलूर, कुठून कुठून मुलं इथं शिकायला येऊन राहतात. बारावी झाली, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, लॅपटॉप घेऊन झाला, की पुढची मागणी येते. मुलगा म्हणतो, "पप्पा, लॅपटॉपला जोडायला मॉनिटर घ्यायचाय, 144 हर्ट्झचा." वडील विचारतात, "ते 144 म्हणजे काय रे?" मुलगा म्हणतो, "गेम स्मूथ चालतो." झालं! गेम हा शब्द निघाला, की बोलणं तिथंच संपलं. (हशा) वडिलांना वाटतं पैसा खेळात चालला. मुलाला वाटतं यांना काही कळत नाही. आणि खरं सांगायचं तर 144 हा आकडा कुठून आला, हे दोघांपैकी कुणालाच माहीत नसतं.

आमचं आजचं म्हणणं थोडक्यात असं आहे. मॉनिटरच्या खोक्यावर छापलेला प्रत्येक आकडा म्हणजे कुणाच्या तरी जुन्या अडचणीवर काढलेला तोडगा आहे. ती अडचण आपल्या घरात आहे का, एवढं आधी बघायचं. असेल तर त्या आकड्याचे पैसे द्यायचे, नसेल तर नाही द्यायचे. त्यासाठी इतिहास लागतो.

पहिली गोष्ट, खेळ आणि काम यांचा पडदा वेगळा कधी होता? 1958 साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम या भौतिकशास्त्रज्ञानं टेनिसचा एक खेळ तयार केला. कशावर? विजेच्या लहरी मोजायच्या ऑसिलोस्कोपवर. प्रयोगशाळा बघायला येणाऱ्या पाहुण्यांना कंटाळा येऊ नये म्हणून. 1962 मध्ये एमआयटीतल्या तरुणांनी पीडीपी-1 या संगणकावर 'स्पेसवॉर' लिहिला, तोही संशोधनासाठी आलेल्या यंत्राच्या पडद्यावर. म्हणजे कामाच्या पडद्यावर खेळणं ही आजच्या पोरांनी लावलेली सवय नव्हे. आपल्याकडेही तेच झालं. 1984 च्या सुमारास देशभर दूरदर्शनची छोटी प्रक्षेपण केंद्रं झपाट्यानं उभी राहिली आणि गावोगावी टीव्ही आले. पुढे नव्वदच्या दशकात त्याच टीव्हीला कॅसेटवाला व्हिडिओ गेम जोडला गेला. बातम्या, मालिका, क्रिकेट आणि गेम, सगळ्यांना मिळून पडदा एकच. भांडणं व्हायची, पण पडदा एकच होता.

आता हर्ट्झकडे येऊ. हर्ट्झ म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा नव्यानं काढलं जातं, तो आकडा. आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची. जुन्या टीव्हीत वीजपुरवठ्याचा परिणाम चित्रावर दिसायचा, आडवे पट्टे सरकायचे. म्हणून चित्राचा वेग विजेच्या वेगाशी जुळवून ठेवला गेला. युरोपात आणि आपल्याकडे 50, अमेरिकेत 60. म्हणजे या आकड्याची सुरुवात डोळ्यांच्या सोयीतून झालेली नाही, विजेच्या तारेतून झाली आहे.

मग संगणक आला. जुने मॉनिटर काचेच्या नळीचे, सीआरटी, ज्याला आपण 'डबा' म्हणायचो. त्यात चित्र काढलं, की ते लगेच विझायला लागतं. 1987 मध्ये आयबीएमनं व्हीजीए आणलं, 640 बाय 480 ठिपके आणि 60 हर्ट्झ. पण टीव्ही आपण दहा फुटांवरून बघतो आणि मॉनिटर दीड-दोन फुटांवरून. पांढऱ्या पडद्यावर दिवसभर हिशेब करणाऱ्या माणसाला ती फडफड जाणवते, डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं. म्हणून 75 आणि 85 हर्ट्झ आले. लक्षात घ्या, जास्त हर्ट्झची मागणी पहिल्यांदा ऑफिसातून आली, खेळणाऱ्यांकडून नाही. हे वडिलांना सांगण्यासारखं आहे. (हशा)

पुढे एलसीडी आला. त्यात चित्र विझत नाही, पुढचं येईपर्यंत तसंच धरून ठेवलं जातं. ती जुनी फडफड गेली, त्यामुळे 60 हर्ट्झ पुन्हा पुरेसा झाला. पण एक अडचण गेली आणि दुसरी आली. चित्र धरून ठेवल्यामुळे वेगानं पळणारी वस्तू डोळ्यांना पुसट दिसते. एक्सेलच्या तक्त्यात पळणारं काही नसतं. खेळात असतं. म्हणून 2009 च्या सुमारास 120 हर्ट्झचे एलसीडी आले आणि 2012 मध्ये 144 चे. हा आकडा मात्र खरोखर खेळणाऱ्यांच्या अडचणीतून आला.

आता साधा हिशेब करू. 60 हर्ट्झला एक चित्र 16.7 मिलिसेकंद टिकतं. 100 ला 10, 144 ला 6.9 आणि 240 ला 4.2. म्हणजे 60 वरून 144 वर गेलात तर जवळपास 10 मिलिसेकंद वाचतात, तिथून 240 वर गेलात तर जेमतेम पावणेतीन. पहिल्या उडीत फायदा मोठा, दुसरीत थोडा. शिवाय तेवढी चित्रं तयार करायची ताकद लॅपटॉपात पाहिजे. साधा लॅपटॉप एखाद्या जड गेममध्ये सेकंदाला 45 ते 60 चित्रं देत असेल, तर 240 चा मॉनिटर म्हणजे बैलगाडीसाठी सहापदरी रस्ता. अशा घराला वेगळी सोय जास्त कामाची. लॅपटॉप कधी 58 चित्रं देतो, कधी 49, आणि मॉनिटर आपल्याच ठेक्यात चालतो. मग चित्र मधून फाटल्यासारखं दिसतं. यावर 2013 मध्ये एनव्हिडियानं जी-सिंक जाहीर केलं आणि 2015 पासून एएमडीच्या फ्रीसिंकचे मॉनिटर बाजारात आले. त्यात मॉनिटर लॅपटॉपच्या ठेक्यावर चालतो. मात्र ही सोय मॉनिटरच्या किती हर्ट्झपासून सुरू होते आणि आपल्या लॅपटॉपला चालते का, ही दोन्ही उत्तरं खरेदीआधी घ्या.

इथवरचा इतिहास जगाचा झाला. आता आपला, मराठवाड्याचा.

2001 मध्ये एमकेसीएलची स्थापना झाली आणि पुढच्या काही वर्षांत एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्याला निघाले. सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागायचं. आणि नेमकी तीच वर्षं भारनियमनाची होती. लाईट जायची वेळ ठरलेली, यायची वेळ देवाला माहीत. अशा वर्गाचा हिशेब मांडून बघा. 17 इंची डबा साधारण 75 वॅट खातो, त्याच मापाचा किंवा थोडा मोठा एलईडी दिव्यांचा सपाट मॉनिटर साधारण 25. वीस संगणकांच्या वर्गात नुसते मॉनिटर 1500 वॅट खाणार की 500, यावर बॅटरीवर वर्ग किती वेळ चालेल हे ठरतं. शिवाय डबा उष्णता सोडतो आणि नांदेडचा मे महिना आपल्याला माहीत आहे. पुण्या-मुंबईत सपाट मॉनिटर दिसायला छान म्हणून घेतला गेला असेल. आपल्याकडे त्याचं सगळ्यात मोठं कौतुक बॅटरीला होतं.

आणि वीज आपल्यापासून लांब तयार होत होती असंही नाही. परळीचं औष्णिक केंद्र लातूर-नांदेडच्या शेजारीच. पण 2013 च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते बंद ठेवावं लागलं. पाऊस पडला नाही तर पडदा काळा, असा सरळ संबंध आपल्या भागानं पाहिलेला आहे. म्हणून आजही खोक्यावर वॅटचा आकडा शोधा. तो बारीक अक्षरात असतो. मॉनिटर इन्व्हर्टरवर घ्या, आणि जिथं व्होल्टेज खालीवर होतं, डीपी जळते, तिथं स्टॅबिलायझरशिवाय नवा मॉनिटर भिंतीत खुपसू नका.

आता सगळ्यात कमी बोलला जाणारा मुद्दा. आपण पडद्यावर वाचतो कोणती लिपी?

आयबीएमच्या 1981 च्या पहिल्या पीसीबरोबर हिरव्या अक्षरांचा पडदा होता. 80 अक्षरं रुंद, 25 ओळी, आणि प्रत्येक अक्षराला 9 बाय 14 ठिपक्यांचं घर. त्या घरात इंग्रजी 'ए' आरामात बसतो. आता तिथं 'र्त्यां' बसवून दाखवा! वर रफार आणि अनुस्वार, खाली जोडाक्षर, मधून शिरोरेषा. आयआयटी कानपूरमध्ये या प्रश्नावर काम सुरू झालं. ते पुढे 1988 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅककडे आलं, आणि त्यातून जिस्ट कार्ड लोकांपर्यंत पोचलं. संगणकात वेगळं कार्ड बसवायचं, तेव्हा पडद्यावर देवनागरी उमटायची. नंतर विंडोज 2000 बरोबर 'मंगल' हा टंक आला. तो र. कृ. जोशी यांनी घडवलेला. आज टायपिंगची परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाला मंगल माहीत आहे.

या इतिहासाचा खरेदीशी काय संबंध? सांगतो. देवनागरीला एका अक्षरामागे ठिपके जास्त लागतात. 24 इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात साधारण 92 ठिपके येतात. तेच 1920 बाय 1080 ठिपके 27 इंचावर ताणले तर 82 उरतात. पडदा मोठा झाला, पण अनुस्वार जाडाभरडा झाला, वेलांटी पायऱ्या-पायऱ्यांची दिसायला लागली. 27 इंच घ्यायचाच असेल तर 2560 बाय 1440 चा घ्या, तिथं 109 ठिपके मिळतात. पण मग लॅपटॉपला पावणेदोनपट ठिपके रंगवावे लागतात, गेम तेवढा हळू होतो. म्हणून मराठी वाचणाऱ्या, साधा लॅपटॉप असलेल्या, अधूनमधून खेळणाऱ्या घराला 24 इंची फुल एचडी हा आम्हाला सगळ्यात समजूतदार सौदा वाटतो.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे: "आयपीएस घ्यावा की व्हीए?" थोडक्यात सांगतो. सुरुवातीचे स्वस्त एलसीडी टीएन जातीचे होते. समोरून ठीक, बाजूनं बघितलं की रंग उलटेपालटे. ही अडचण सोडवायला 1996 मध्ये हिताचीनं आयपीएस बाजारात आणला. व्हीएमध्ये काळा रंग जास्त काळा दिसतो, पण स्वस्त व्हीएमध्ये अंधाऱ्या दृश्यात हलणाऱ्या वस्तूमागे सावली ओढली जाते. एका खोलीत दोघं-तिघं राहून एकाच पडद्यावर लेक्चर बघणार असतील, तर बाजूनं नीट दिसणं महत्त्वाचं. तिथं आयपीएस. आणि "1 मिलिसेकंद" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्यावर फार जाऊ नका. तो आकडा कंपनी आपल्या सोयीच्या परिस्थितीत मोजते.

आता शेवटचा हिशेब, तो आपल्या मापानं करू. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये आहे. सोळा हजारांचा मॉनिटर म्हणजे तीन क्विंटल सोयाबीन. तेही हमीभाव मिळाला तर. लातूरच्या मोंढ्यात माल घेऊन गेलेल्या माणसाला या 'तर'चा अर्थ आम्ही सांगायची गरज नाही. म्हणून मुलानं वडिलांसमोर "स्मूथ चालतो" एवढंच म्हणून भागत नाही. आणि वडिलांनीही "गेमचा आहे" एवढ्यावर नाही म्हणू नये. कारण 100 किंवा 144 हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर अभ्यासाला कुठंच कमी पडत नाही. मोठा कोड वाचायला, मराठी पीडीएफ वाचायला, लेक्चर बघायला तोच पडदा चालतो.

दुकानात जाताना चार प्रश्न बरोबर न्या. एक, आपला लॅपटॉप गेममध्ये सेकंदाला किती चित्रं देतो? दोन, त्याच्या पोर्टमधून मॉनिटरचा पूर्ण वेग निघतो का? जुन्या एचडीएमआयमधून निघेलच असं नाही. तीन, दुकानातल्या मॉनिटरवर मराठी मजकूर उघडून अनुस्वार स्पष्ट दिसतो का? चार, बिघाड झाला तर सेवा इथंच मिळेल, की खोकं संभाजीनगरला किंवा हैदराबादला पाठवावं लागेल? आणि "जीएसटी उतरला" म्हणून कुणी घाई करत असेल तर एवढं लक्षात ठेवा, की सप्टेंबर 2025 मध्ये 28 वरून 18 टक्के झाला तो 32 इंचांहून मोठ्या पडद्यांवरचा. 24 आणि 27 इंचांवर तो आधीपासूनच 18 होता.

घरी आणल्यावर एक काम विसरू नका. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झचा आकडा स्वतः बदला. तो बऱ्याचदा 60 वरच बसलेला असतो. 144 चे पैसे मोजून वर्षभर 60 वर खेळणारी मुलं आम्ही पाहिली आहेत. तो आकडा बदलताना वडिलांना शेजारी बसवा. माउसचा बाण आधी कसा पळत होता आणि आता कसा पळतो, ते त्यांना दाखवा. तीन क्विंटल त्यांचे गेलेत. कशात गेले, हे त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

आता प्रश्न घेऊ.