नाव कुणाचं, गल्ला कुणाचा?

भामरागडात बसून अमेरिकेतल्या एका काळ्या गवयाचं आत्मचरित्र कशाला वाचायचं? प्रश्न रास्त आहे. आपल्या पँथरनं 1972 साली मुंबईत ज्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं, ती 1966 साली ओकलंडला उभी राहिली. त्याच खाडीच्या काठी, व्हॅलेहो गावात, स्लाय स्टोन वाढला. पँथरनं रस्त्यावर मांडलं ते यानं ठेक्यावर मांडलं. त्या ठेक्याच्या संगीताला फंक म्हणतात.

लहानपणी चर्चमध्ये भावंडांबरोबर गायला. पुढं काळे-गोरे, बाया-बाप्ये एकत्र घेऊन फड उभा केला. 1969 च्या वुडस्टॉक मेळ्यात मध्यरात्र उलटून गेल्यावर लाखोंचा जमाव हलवला. मग बंगले आले, कोकेन आलं. लोक तिकीट काढून बसलेले आणि गडी स्टेजवर पोचेना. पैशाची गरज पडली तशी स्वतःच्या गाण्यांचे हक्क विकले. ते मायकल जॅक्सननं घेतले. 2011 साली वर्तमानपत्रांत छापून आलं, स्लाय लॉस एंजलिसात एका गाडीत राहतो. 2019 साली डॉक्टरांनी निर्वाणीचं सांगितल्यावर नशा सुटली. 2023 साली ऐंशीव्या वर्षी पुस्तक आलं. 9 जून 2025 ला माणूस गेला.

आता ह्या पुस्तकातनं धडा कुठला काढायचा? पांढरपेशा वाचक लगेच म्हणेल, ‘गुणी होता, व्यसनानं गेला.’ संपलं! व्यसनानं घर बुडतं, हे आपल्या वस्तीला कुणी शिकवायला नको. पण गवई कफल्लक झाला तरी गाणं वाजतच राहतं, आणि त्याचा पैसा कुठंतरी जातोच. कुठं जातो? गल्ला कुणाच्या हातात, हे विचारल्याशिवाय कलावंताचा इतिहास लिहिता येत नाही.

आपल्याकडं बघा. पवळा हिवरगावकर, संगमनेर तालुक्यातली महाराची पोर. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, ब्राह्मण. लावण्या त्यांच्या, गळा आणि पाय पवळेचे. लोक तिला बघायला तिकीट काढायचे. 1927 च्या महाड सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न बाबासाहेबांना देऊ केलं. पैशाची नड होती, तरी बाबासाहेबांनी नाकारलं. महार बाईला नाचवून मिळवलेला पैसा चळवळीला नको.

ही गोष्ट आपण सभेत छाती फुगवून सांगतो. सांगायलाच पाहिजे. निर्णय बरोबरच होता. नाकारला तो पैसा होता, ती बाई नव्हे. पण सांगताना आपण काय करतो? एकानं दिलं, दुसऱ्यानं नाकारलं, गोष्ट संपली. जिच्या घामाचा पैसा, ती पवळा गोष्टीत बोलतच नाही. तिला काय वाटलं? तिच्या पदरात किती पडत होतं? 1939 साली ती गेली, आणि तिचं आत्मचरित्र नाही. बापूरावांना शाहिरी परंपरेत मानाचं पान मिळालं. पवळा मात्र त्यांच्या चरित्रातलं एक प्रकरण झाली.

विठाबाई नारायणगावकर मांगाची लेक. बाळंतपणाच्या कळा येत असताना फडावर नाचली, कनातीमागं बाळंत झाली. राष्ट्रपतींचं पदक मिळालं. म्हातारपणी दवाखान्याच्या बिलाला लोकांनी मदत गोळा केली. 2002 साली ती गेली. आज राज्य सरकार तिच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. नाव मोठं, गल्ला रिकामा. स्लायचीच गोष्ट, फक्त बंगला वजा.

भामरागडच्या माडिया गावात रेला होतो. हातात हात, पायाला पाय. तिथं स्टेज नाही, तिकीट नाही. गाणं गावाचं, म्हणून गल्ल्याचा प्रश्नच येत नाही. तोच रेला पाहुण्यांसमोर स्टेजवर चढला, की प्रश्न सुरू होतो. वडशाकडं झाडीपट्टीच्या नाटकांना हंगामात रात्र-रात्र गर्दी असते. 14 एप्रिलला भीमगीतं चौकाचौकात वाजतात. ती लिहिणारे, गाणारे कितीजण आज पोटभर जेवतात?

मित्रहो, पवळेच्या बाबतीत वेळ गेली. जे जिवंत आहेत त्यांच्या बाबतीत गेलेली नाही. खडी गंमतीचा शाहीर, दंडारीतला म्हातारा, भीमगीतं गाणारी बाई यांच्याकडं वही घेऊन बसा. हारतुरे नकोत. विचारा: रात्रीचे किती मिळाले? उचल किती घेतली, ती कधी फिटली? गाणं कुणाच्या नावावर छापलं? आजारपणात कोण धावलं? दारूचंही विचारा, लाजू नका. उत्तर त्यांच्याच बोलीत उतरवा, वर त्यांचंच नाव घाला. स्लायला ऐंशीव्या वर्षी का होईना, स्वतःच्या तोंडानं हिशोब मांडता आला. आपल्या माणसांनाही तो मांडता यावा, आणि त्यासाठी त्यांना ऐंशी वर्षं थांबायला लागू नये.