मोजणी कुणाची, निर्णय कुणाचा?

माझं माहेर धार, सासर देवास. पवारांची ही संस्थानं १९४८ साली मध्यभारतात विलीन झाली. घरातली मराठी तेवढी राहिली. माहेरच्या आजीची नऊ बाळंतपणं झाली. "मुलं किती?" विचारलं, की ती आधी हयात असलेली सांगायची, मग जरा थांबून गेलेली.

मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ सालीच संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. पत्नी मालतीबाई सोबत होत्या. आमच्याकडे मात्र या विषयाचं नाव काढायची सोय नव्हती. सगळी भिस्त व्रतावर नि संयमावर. पण पर्युषणातला संयम वर्षभर कोण पाळणार? आणि मोडला, तर भोगायचं बाईनंच.

१९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करणारा भारत जगातला पहिला देश ठरला. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचा कलही संयमाकडेच. सुरुवातीला 'सुरक्षित दिवस' मोजायला बायकांना रंगीत मण्यांच्या माळा देऊन पाहिल्या. जपमाळेची सवय असलेल्या आपल्याला हसू येईल. पण बाईनं मणी ओढला म्हणून नवरा थोडाच थांबतो?

पुढे लाल त्रिकोण आला, 'हम दो, हमारे दो' आलं. मग आणीबाणी. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या ६० लाखांहून अधिक पुरुषांच्या. बळजबरीनं लोक चिडले, १९७७ ला सरकार पडलं. त्यानंतर कुठलंच सरकार पुरुषांच्या वाटेला गेलं नाही. ऑपरेशनचा सगळा भार गुपचूप बायकांवर आला. शिबिरांत रांगा लागल्या, उद्दिष्टं ठरली. २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ अशा शिबिरांनंतर बायका दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा, असं सांगावं लागलं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची अवघी ०.३. खरं तर पुरुषाचं ऑपरेशन सोपं. तरी घरोघरी ऐकू येतं ते हेच, "त्यांना कामाला जायचं असतं, तूच करून घे."

आता आपल्या समाजाकडे वळूया. त्याच पाहणीत जैन स्त्रीमागे सरासरी मुलं १.६. म्हणून हल्ली व्यासपीठावरून सुनांना सांगतात, समाज घटतोय, तिसरं होऊ द्या. सरकार म्हणालं थांबा, समाज म्हणतो थांबू नका. दोघांनाही मोजायचं आहे. विचारायचं मात्र कुणालाच नाही.

लोकसंख्येचा प्रश्न खोटा नाही. पण मुली शिकल्या, मुलं जगू लागली, तसे पाळणे आपोआप लांबले. तेव्हा बायांनो, सून डॉक्टरकडे निघाली, तर आधी तिला विचारा, "तुला काय हवंय?" आणि मुलालाही सोबत धाडा. आजीला हे कुणी विचारलं नव्हतं.