रांग, ऊन आणि ओली काच

एकोणिसाव्या शतकात भारतातल्या आदिवासींची जी छायाचित्रे निघाली, त्यांत माणसे बहुधा उघड्यावर, एका रांगेत, हात अंगाशी धरून उभी दिसतात. त्यांचे रान मात्र क्वचितच दिसते. 1868 ते 1875 दरम्यान निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांकडे पाहून आपण म्हणतो, ही साहेबाची वर्गीकरणाची हौस. ती होतीच. पण त्या ठेवणीचा मोठा भाग भिंगाचे छिद्र, शटरचा वेळ आणि काचेची प्रकाश टिपण्याची ताकद या तिघांच्या ओढाताणीतून आला, असे माझे मत आहे.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याच्या रानात हा हिशेब मांडून पाहावा. ही ताकद, म्हणजे आयएसओ, 100 धरली तर भर उन्हात एफ 16 चे छिद्र आणि सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने 1851 मध्ये जाहीर केलेली ओल्या कलोडियनची काच आजच्या मापाने आयएसओ 1 च्या आसपास किंवा त्याहूनही मंद. म्हणजे उन्हातच एक सेकंद हवा. साग, मोह आणि बांबूच्या दाट सावलीत प्रकाश सहा पायऱ्या खाली गेला, आणि दर पायरीला तो निम्मा होतो, तर चौसष्ट सेकंद लागणार. एवढा वेळ बांबूचे पान थांबत नाही, मांडीवरचे मूल तर नाहीच. छिद्र एफ 5.6 पर्यंत उघडले तर आठ सेकंदांत भागते, पण मग भिंगापासून एकाच अंतरावर असलेले तेवढे स्पष्ट येते. मागच्या ओळीतले चेहरे धूसर होतात. म्हणून एकच रांग, म्हणून स्तब्ध हात, म्हणून रानाबाहेरचे पटांगण. शिवाय काच वाळायच्या आत धुवावी लागे, तेव्हा अंधारा तंबूही सोबत न्यावा लागे.

यावर आक्षेप असा, की यंत्राला दोष देऊन आपण सत्तेला मोकळे सोडतो. आक्षेप रास्त आहे, पण त्याची कसोटी पुढच्या काळात मिळते. 1925 मध्ये लायका हा छोटा कॅमेरा बाजारात आला, फिल्म वेगवान होत गेली. धानोऱ्याच्या पूर्वेला बस्तरमध्ये मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांचा मुरिया आदिवासींच्या घोटुलावरचा, म्हणजे युवागृहावरचा, ग्रंथ 1947 मध्ये आला, आणि नैऋत्येला आदिलाबादच्या राजगोंडांवर फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांनी 1948 मध्ये लिहिले. या पिढीला माणसे नाचताना, काम करताना टिपता येत होती. त्यानंतरही ज्याने समोरून एक आणि बाजूने एक असे चेहऱ्यांचे नमुने गोळा केले, त्याला काचेची सबब उरत नाही. ओल्या काचेच्या काळात मात्र अडचण आणि हौस एकाच दिशेला ओढत होत्या, आणि अडचणीमुळे हौस वेगळी दिसेनाशी झाली.

आता कॅमेरा सगळे आपोआप जुळवतो, मग हा इतिहास कशाला उगाळायचा, असेही कोणी विचारेल. कारण यंत्र अजून समोरचे सगळे मध्यम करडे समजूनच मोजते. धानोऱ्याजवळच्या मेंढा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले. अशा गावाची सभा झाडाखाली भरलेली असताना मागे उन्हातले पटांगण असेल, तर यंत्र त्या उजेडाला सांभाळते आणि बोलणाऱ्याचा सावळा चेहरा काळा पडतो. जाणते छायाचित्रकार अशा वेळी त्याच सावलीत तळहात धरून प्रकाश मोजतात, कारण चेहऱ्यांच्या मानाने तळव्यांचा उजळपणा माणसामाणसांत कमी बदलतो. मग यंत्राने दाखवलेल्या मापाहून प्रकाश एक पायरी वाढवतात आणि मागचे पटांगण पांढरे पडू देतात.