ब्रॉयलरच्या वाढीमागची आनुवंशिकता

अंड्यातून बाहेर पडलेले ब्रॉयलरचे पिल्लू सुमारे ४० ग्रॅम वजनाचे असते. पाच-सहा आठवड्यांत ते दोन किलोंच्या घरात जाते, म्हणजेच जन्माच्या वेळच्या वजनाच्या पन्नासपट होते. आपल्याकडील गावरान कोंबडी पुरी वाढ होऊनही बहुधा या वजनाला पोहोचत नाही. हा फरक पाहून शहरी ग्राहकाच्या मनात एक समज घट्ट रुजला आहे, तो म्हणजे या पक्ष्यांना हार्मोनची इंजेक्शने देऊन फुगवले जाते. शिकलीसवरलेली माणसेही हे छातीठोकपणे सांगतात. वस्तुतः वाढीचे हार्मोन हे एक प्रथिन आहे. खाद्यातून दिले तर ते पोटात पचून जाईल, टोचायचे तर एकेका शेडमधील हजारो पक्ष्यांना पुन्हा पुन्हा टोचावे लागेल, आणि एवढे करूनही निरोगी कोंबडीत त्याचा म्हणावा तसा परिणाम होत नाही, असे प्रयोगांत आढळले आहे. राणीखेत ऊर्फ मानमोडी आणि गंबोरो या रोगांच्या लसी पिल्लांना दिल्या जातात, पण त्याही बहुधा डोळ्यात थेंब टाकून किंवा पिण्याच्या पाण्यातून.

मग ही वाढ येते कोठून? या प्रश्नाचे उत्तर देणे शक्य झाले ते उत्तर अमेरिकेतील काही विद्यापीठांनी जुने वाण जपून ठेवल्यामुळे. वजनासाठी कोणतीही निवड न करता हे कळप पिढ्यान्‌पिढ्या तसेच वाढवले गेले. एका अर्थी ते गतकाळाचे जिवंत दप्तरच होय. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात १९५७ व १९७८ सालचे असे दोन वाण आणि २००५ सालचा एक व्यापारी वाण एकत्र वाढवण्यात आले. खाद्य तेच, व्यवस्था तीच. छप्पन्नाव्या दिवशी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे ९०५, १,८०८ आणि ४,२०२ ग्रॅम भरली. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी २००३ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथील संशोधकांनी जुना व नवा वाण, जुने व नवे खाद्य अशी अदलाबदल करून पाहिली होती. वाढीतील सुमारे ८५ ते ९० टक्के सुधारणा आनुवंशिक निवडीमुळे आणि उरलेली १० ते १५ टक्के पोषणामुळे झाली, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या निवडीला संघटित रूप आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. तोवर कोंबडी मुख्यतः अंड्यांसाठी पाळली जाई. मांस हे दुय्यम उत्पन्न होते. अमेरिकेतील ए अँड पी या दुकानसाखळीने शासकीय कृषी विभागाच्या साह्याने ‘उद्याची कोंबडी’ नावाची स्पर्धा भरवली. स्पर्धकांनी अंडी पाठवायची, ती एकाच ठिकाणी उबवायची आणि पिल्ले सारख्याच परिस्थितीत वाढवायची, अशी तिची रीत होती. १९४८ च्या अंतिम फेरीत कॅलिफोर्नियातील चार्ल्स व्हॅन्ट्रेस यांचा कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर यांचा संकर पहिला आला. १९५१ मध्येही विजेते तेच ठरले. यातील कॉर्निश कोंबडीचे इंग्लंडमधील मूळ नाव ‘इंडियन गेम’. भारतातील झुंजीचा असील कोंबडा तिच्या पूर्वजांपैकी एक होता. आज जगभर विकल्या जाणाऱ्या ब्रॉयलरच्या रुंद छातीत असीलचा थोडा वारसा आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

निवडीचे गणित तसे सोपे आहे. समजा, एका कळपाचे ठरावीक वयातील सरासरी वजन २,००० ग्रॅम आहे आणि त्यातून पुढच्या पिढीचे आई-बाप म्हणून निवडलेल्या पक्ष्यांची सरासरी २,४०० ग्रॅम आहे. हा ४०० ग्रॅमचा फरक सगळाच्या सगळा पिल्लांत उतरत नाही, कारण त्यातील बराच भाग खाद्य, जागा, तापमान अशा योगायोगांचा असतो. कोंबडीच्या वजनाची आनुवंशिकता ढोबळमानाने ०.३ धरली, तर पुढच्या पिढीची सरासरी १२० ग्रॅमने वाढेल. प्रत्यक्षात एकाच वेळी अनेक गुणांसाठी निवड करावी लागत असल्याने लाभ याहून कमी मिळतो. परंतु कोंबडीची पिढी वर्षभरात बदलते आणि लाभ साठत जातो. सत्तर वर्षांचे हे चक्रवाढ व्याज आहे.

वाढीचे म्हणून एखादे एकच जनुक असते का? अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या संस्थेत पॉल सीगल यांनी १९५७ मध्ये एक प्रयोग सुरू केला. पांढऱ्या प्लायमाउथ रॉक कोंबड्यांच्या एकाच मूळ कळपातून त्यांनी दोन शाखा काढल्या. एकीत दर पिढीला आठ आठवड्यांचे सर्वांत वजनदार पक्षी निवडायचे, दुसरीत सर्वांत हलके. पन्नासेक पिढ्यांनंतर दोन्ही शाखांच्या वजनांत दहापटींहून अधिक अंतर पडले. जड शाखेतील पक्ष्यांना मोजूनमापून खाऊ घालावे लागते, नाहीतर ते लठ्ठ होतात. हलक्या शाखेतील काही पिल्ले तर आपणहून खातच नाहीत. म्हणजे निवड झाली ती वजनाची, पण बदलली ती भूक. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी या दोन शाखांचा संकर करून गुणसूत्रे तपासली, तेव्हा वाढीवर परिणाम करणाऱ्या अनेक जागा सापडल्या. प्रत्येकीचा स्वतंत्र परिणाम लहान, मात्र त्यांतील काही एकत्र आल्या की परिणाम बेरजेपेक्षा मोठा.

रानकोंबडीचा संपूर्ण जनुकीय आराखडा २००४ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर हा शोध सोपा झाला. २०१० मध्ये ब्रॉयलर व अंड्यांच्या कोंबड्या यांची तुलना झाली, तेव्हा इन्सुलिनसदृश वाढघटकाचे जनुक, भुकेशी निगडित जनुके आणि स्नायूंतील शर्करेच्या वापराशी संबंधित ‘टीबीसी१डी१’ या जनुकाच्या परिसरात निवडीच्या खुणा दिसल्या. आता पैदास कंपन्या पिल्लाच्या रक्ताच्या नमुन्यातून हजारो जनुकीय खुणा एकदम तपासतात.

शेतकऱ्याच्या शेडमध्ये येणारे पिल्लू मात्र शुद्ध वाणाचे नसते. मांस आणि अंडी हे गुण एकमेकांच्या विरोधात जातात. जड कोंबडी अंडी कमी देते. म्हणून बापाकडील वाण वाढीसाठी आणि आईकडील वाण अंड्यांचाही विचार करून वेगवेगळे जोपासले जातात. बहुधा चार शुद्ध वाणांपासून आजी-आजोबा, त्यांपासून आई-बाप आणि शेवटी ब्रॉयलर अशी उतरंड असते. या ब्रॉयलरपासून पुढची पिढी घेतली, तर गुण विस्कटतात. त्यामुळे संकरित बियाण्याप्रमाणे पिल्लेही दर खेपेस विकतच घ्यावी लागतात आणि शुद्ध वाण ज्यांच्या हाती, त्यांच्या हाती सारा व्यवसाय राहतो. जगात असे मोठे धनी मोजकेच आहेत. भारतात घरोघरी पोहोचलेला ‘वेंकॉब’ हा पक्षी पुण्यातील व्यंकटेश्वरा हॅचरीजने आणला, तोही अमेरिकेतील कॉब कंपनीच्या वाणांवर आधारलेला.

या उतरंडीत आई-बापांची स्थिती सर्वांत अवघड आहे. ब्रॉयलर पोटभर खातो आणि सहा आठवड्यांत विकला जातो. त्याच्या आई-बापांना तीच भूक मिळालेली असते, पण त्यांना वर्षभराहून अधिक जगून अंडी द्यायची असतात. मनसोक्त खाऊ दिल्यास ते लठ्ठ होऊन मरतात, म्हणून वाढीच्या काळात त्यांना मुक्त आहाराच्या निम्म्याहूनही कमी खाद्य दिले जाते. आयुष्यभर उपाशी राहणे हे या पक्ष्यांच्या वाट्याला निवडीनेच आणून ठेवले आहे, आणि माझ्या मते हार्मोनच्या अफवेपेक्षा हा प्रश्न कितीतरी अधिक चर्चेला पात्र आहे. ब्रॉयलरचीही हानी होतेच. स्नायू वेगाने वाढतात, त्यांना पुरे पडताना हृदय व फुप्फुसे थकतात, पोटात पाणी साचते, पाय वाकडे होतात. पैदास करणाऱ्यांनी १९८० नंतर क्ष-किरणांनी पायांची हाडे आणि १९९० नंतर रक्तातील प्राणवायू तपासून असे पक्षी गाळण्यास सुरुवात केली. त्याने त्रास कमी झाला, संपला नाही. अलीकडे छातीच्या मांसात पांढऱ्या रेषा आणि लाकडासारखा टणकपणा आढळू लागला आहे.

आई-बापांच्या भुकेवर एक उपाय खुद्द आनुवंशिकतेतच आहे. कोंबड्यांत एक लिंगसंलग्न खुजेपणाचे जनुक आढळते. त्यात वाढीचे हार्मोन तयार होते, पण पेशींवरील त्याचा ग्राहक सदोष असल्याने पक्षी लहान राहतो. खुज्या कोंबडीला सर्वसाधारण कोंबडा दिला, तर मुलींना बापाकडूनच ते गुणसूत्र मिळते आणि मुलांत बापाचे जनुक प्रभावी ठरते. सगळी पिल्ले जवळजवळ नेहमीच्या आकाराची होतात. आई मात्र लहान, कमी खाणारी आणि तुलनेने कमी उपासमार सोसणारी. फ्रान्समधील कृषी संशोधन संस्थेने या जनुकाचा व्यापारी वापर यशस्वी करून दाखवला.

आपल्याकडे उष्णता हा आणखी एक अडसर आहे. झपाट्याने वाढणाऱ्या शरीरात उष्णताही अधिक निर्माण होते. विदर्भातील मे महिन्यात दुपारी पक्षी पटापट दगावतात. मानेवर पिसे नसलेल्या कोंबड्यांतील जनुक अंगावरील पिसांचे प्रमाण घटवते आणि उष्णता बाहेर टाकण्यास मदत करते. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याचा उपयोग करून ‘कॅरीब्रो मृत्युंजय’ हा ब्रॉयलर तयार केला. परसबागेसाठी बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची ‘गिरिराज’ आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्राची ‘वनराजा’ या मध्यम वेगाने वाढणाऱ्या जाती महाराष्ट्रात रुळल्या आहेत. ब्रॉयलरइतके वजन त्या सहा आठवड्यांत देत नाहीत, पण परसात चरतात व अंडीही देतात.

खाद्यातील प्रतिजैविकांची चिंता मात्र खरी आहे, आणि तिचा वंशाशी संबंध नाही. दिल्लीतील विज्ञान व पर्यावरण केंद्राने २०१४ मध्ये तपासलेल्या ७० नमुन्यांपैकी ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष मिळाले होते. कोलिस्टिन या औषधाचा खाद्यप्राण्यांसाठी वापर भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये बंद केला.